सगळ्यांनाच साहेब व्हायचंय! (मुलांचं नाटक शिबिर, मदत हवी)

गवतीचहा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात मुलांचं दहा दिवसांचं नाटक शिबिर असतं. आतापर्यंत एक काका घ्यायचे. यंदा ते मुलीकडे गेले आणि माळ माझ्या गळ्यात पडली. कॉलेजात दोन एकांकिका केल्या, त्यातल्या एकीत मी विंगेतून फक्त दारावरची बेल वाजवली होती. एवढीच माझी पुंजी.

मुलं चौदा, वयं सात ते अकरा. दरवर्षी शेवटच्या दिवशी राजा-राणीचं नाटुकलं होतं. दोन मुलं बोलतात, बाकीची झाडं. गेल्या वर्षी माझी लेक वडाचं झाड होती आणि घरी येऊन रडली होती. म्हणून यंदा ठरवलं, झाडं नकोत. सगळ्यांना काम असेल आणि एकमेकांशिवाय कोणाचं अडेल असं काहीतरी करू. म्हणून एखादी कामाची जागा उभी करायचं डोक्यात आलं. 'ऑफिस'.

आज पहिला दिवस झाला. चौदातल्या नऊ जणांना साहेब व्हायचं होतं. चिठ्ठ्या टाकून एक साहेब केला, तर त्याने दहा मिनिटांत सहा जणांना नोकरीवरून काढलं. सातवा आपणहून राजीनामा देऊन पाणी प्यायला गेला. एक मुलगी पुठ्ठ्याचा लॅपटॉप उघडून बसली आणि कोणी जवळ गेलं की मान वर न करता म्हणायची, "आत्ता नको, मी कॉलवर आहे." न्यायला आलेल्या तिच्या बाबांनी ते ऐकलं. पुढे काय झालं ते लिहीत नाही.

एक मुलगा तर दोन तास एक अक्षर बोलला नाही, खुर्चीला चिकटलेली सेलोटेप खरवडत बसला होता.

नऊ दिवस उरलेत. मी न ओरडता ही पोरं एकत्र काम कशी करतील आणि त्यातून नाटक कसं होईल? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

कारकून_क्र_२

दहा मिनिटांत सहा जणांना काढलं? आमच्याकडे याला पुनर्रचना म्हणतात आणि त्यासाठी बाहेरून माणसं बोलावून पैसे मोजतात. त्या मुलाचा बायोडेटा पाठवा.

बाकी गंमत बघा. आमच्या ऑफिसात संघभावना वाढावी म्हणून चाळिशीच्या माणसांना लोणावळ्याला नेऊन फुगे फुगवायला लावतात, आणि तुम्ही सात वर्षांच्या पोरांना मीटिंगला बसवताय. अदलाबदल करूया का?

ओवीची_आई

आमच्या लहानपणी भातुकलीत सगळ्यांना आई व्हायचं असायचं. शेवटी एका घरात तीन आया आणि एक बाळ अशी तडजोड व्हायची. बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि त्याला तिन्ही आया चुरमुरे भरवायच्या. मोठं कोणी मधे पडायचं नाही, हे मात्र खरं.

वाचतेय, चांगला धागा.

नेपथ्यवाला

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

नाटक शिकवायचं तर नाटक शिकवा. आवाज, श्वास, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकणं. सुधाताई करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढलं ते मुलांना रंगमंचाची जादू दिसावी म्हणून. ऑफिस काय, पुढे चाळीस वर्षं आहेच नशिबात.

दुसरं, तुमचं पहिल्याच दिवशी का फसलं ते सांगतो. ऑफिसात घडतं काय? माणसं बसतात. बसलेल्या माणसांचं नाटक भल्याभल्यांना जमत नाही. मुलांना ऑफिसातलं एकच काम बाहेरून दिसतं, ते म्हणजे हुकूम सोडणं. म्हणून नऊ साहेब. हाताला काम असेल अशी जागा घ्या. बेकरी, छापखाना, एसटी स्टँड. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली पाहिजे. ती अडली की तिथे नाटक सुरू होतं.

गवतीचहा

@नेपथ्यवाला, राग कसला, पटलंच. 'बसलेल्या माणसांचं नाटक' हे वहीत लिहून ठेवलं.

खडू_फळा

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिसरी-चौथीला. आमच्या निम्म्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की वर्ग रिकामा होतो, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परत भरायला लागतो. दोन वर्षांमागं अशीच परत आलेली मुलं समोर होती. म्हटलं, मोठी माणसं कामावर काय करतात ते करून दाखवा. वाटलं दुकान करतील, दवाखाना करतील.

त्यांनी ऊसतोडीची टोळी केली. मी काही न सांगता जोड्या पडल्या, एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे एक कोयता. नवराबायको मिळून एक कोयता धरतात हे माहीत नसणाऱ्यांसाठी सांगितलं. लाकडी पट्ट्या झाल्या कोयते. पोरगं वाकून तोडतंय, पोरगी मागनं गोळा करून मोळी बांधतेय, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, निराळं काढून ठेवतेय. बांधायला काही नव्हतं तर एकीनं केसांची रिबीन सोडली. मोळी डोक्यावर घेऊन बाकावर चढायचं. बाक म्हणजे ट्रकला लावलेली फळी. चढताना प्रत्येक पोर क्षणभर थांबायचं, तोल अजमावायचं आणि मग दुसरं पाऊल टाकायचं. ते थांबणं मी शिकवलेलं नव्हतं.

तुमच्याकडं नऊ साहेब झाले. आमच्याकडं मुकादम, म्हणजे आगाऊ पैसे (उचल) देऊन टोळी आणणारा माणूस, व्हायला एकही तयार होईना. शेवटी चौथीतला एक जण उठला, खडूचा डबा कानाला लावला आणि म्हणाला, "उचल घेतली तव्हा ग्वाड लागली का?" सगळा वर्ग गप. दोन मुलींनी खाली बघितलं.

खरं सांगतो, मला घाम फुटला. खेळ थांबवावा का, कळंना. मग सुचलं ते केलं. मधी शिरलो आणि म्हणालो, मी आजच टोळीवर आलोय, मला मोळी बांधता येत नाही, कोण शिकवंल का? सात-आठ जण एकदम अंगावरच आले. "सर तसं नाही, गुडघा लावा." "सर वाढ्याचाच आळा करायचा." माझी मोळी तीनदा सुटली. तिसऱ्यांदा सुटल्यावर मुकादमसुद्धा डबा खाली ठेवून शिकवायला आला.

त्या वर्गात एरवी जी मुलं वाचताना अडखळायची तीच सगळ्यात मोठ्यानं शिकवत होती. एवढंच सांगायचं होतं. तुमच्या शिबिराला उपयोग होईल का माहीत नाही.

ओवीची_आई

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या चुरमुऱ्यांच्या गोष्टीची लाज वाटली.

खडू_फळा

अहो लाज कसली, आमच्याकडं पण भातुकली खेळतातच की. आणि चुरमुऱ्यावर भांडणं पण होतात.

मधली_सुट्टी

खडू_फळा सरांनी आपणहून जे केलं, त्याची एक पूर्ण पद्धत इंग्लंडात डोरोथी हीथकोट यांनी बसवली आहे. बाई यॉर्कशायरच्या. स्वतः चौदाव्या वर्षापासून लोकरीच्या गिरणीत मागावर काम करायच्या. पुढे १९५० च्या सुमारापासून न्यूकॅसलला शिक्षकांना शिकवलं. २०११ मध्ये गेल्या. त्यांच्या पद्धतीचं नाव 'मॅन्टल ऑफ द एक्स्पर्ट', म्हणजे तज्ज्ञाची झूल. झूल म्हटलं की आपल्याला बैल आठवतो, म्हणून शाल म्हणूया.

मी बी.एड.ला यावर प्रकल्प केला होता. कल्पना अशी की मुलांना 'तुम्ही नट आहात' असं सांगायचंच नाही. 'आपली कंपनी गेली कित्येक वर्षं हे काम करतेय' असं धरून चालायचं. मग बाहेरून कोणीतरी गिऱ्हाईक एक अवघड काम घेऊन येतं. साहेबाची भानगडच मिटते, कारण सगळ्यांचा साहेब तो बाहेरचा. आणि शिक्षकाने सर्वांत कमी कळणारा माणूस व्हायचं. नवा उमेदवार, वैतागलेलं गिऱ्हाईक, निरोप्या, काहीही. वर्ग ताब्यात ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं. मला तर पहिल्या तासाला तीनदा "शांत बसा" म्हणायचा मोह आवरावा लागला, आणि चौथ्यांदा आवरला नाही.

आणखी एक. यात प्रेक्षक नसतात. कोणाला दाखवायचं नसतं, करायचं असतं.

नेपथ्यवाला

प्रेक्षक नाहीत तर नाटक कसलं? मग ती प्रात्यक्षिकं झाली.

मधली_सुट्टी

सरांच्या वर्गात ते वाक्य पडलं तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला, तो कोणासाठी?

नेपथ्यवाला

हं. यावर उद्या बोलतो.

(उद्या म्हणजे कधी ते विचारू नका, आमच्या तालमी अशाच चालतात.)

स्पष्टच_बोलतो

कमाल आहे. मे महिना आहे, पोरांना आंबे खाऊ द्या, विटीदांडू खेळू द्या. आत्तापासून टीमवर्क, लीडरशिप कशाला डोक्यात भरवताय? उद्याचे आज्ञाधारक नोकर तयार करायचे कारखाने आहेत हे.

कारकून_क्र_२

@स्पष्टच_बोलतो, विटीदांडूत टीम नसते का? आणि डाव कोणाचा यावर जेवढी वाटाघाट गल्लीत होते तेवढी आमच्या युनियनमध्येही होत नाही.

गवतीचहा

आंबे रोज देतोय हो. मुद्दा मात्र मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. पहिल्या दिवशी मी खरंच ऑफिसची नक्कलच करायला सांगितली होती, आणि त्यांनी आपापल्या घरचे साहेब आणून उभे केले.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत मुलीच्या वर्गात भिंतीवर कामांचा तक्ता असतो. रांगेच्या पुढे चालणारा, दार धरणारा, झाडांना पाणी घालणारा. दर आठवड्याला कामं बदलतात. रांगेच्या पुढे चालण्यावरून जे राजकारण होतं ते बघून आपली ग्रामपंचायत बरी म्हणाल.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी वडापावची गाडी लावली होती. खोटी गाडी, खरे वडे. हेतू भाषेचा होता. पण पोरं आपसात धडाधड इंग्रजीत बोलून मोकळी. मग मी भारतातून आलेल्या एका आजींना गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. त्यांनी इंग्रजी कळत नसल्याचं असं काही सोंग घेतलं (त्या मुंबईत तीस वर्षं बँकेत होत्या) की मुलांना "चटणी तिखट आहे, थोडी देऊ का?" इथपर्यंत यावंच लागलं. एकाला 'सुटे पैसे' आठवेना, तो म्हणाला, "आजी, बाळ पैसे नाहीत का?"

टपाल_निवृत्त

हा धागा मुलीने दाखवला म्हणून खाते उघडले. मी टपाल खात्यात छत्तीस वर्षे होतो. ताई, तुम्ही पोस्ट ऑफिस करा. नेपथ्यवाले म्हणतात तशी वस्तू हातोहात जाते. पेटीतून पत्र काढणे, शिक्का मारणे, वर्गवारी, थैली बांधणे, बीटप्रमाणे, म्हणजे पोस्टमनच्या फेरीप्रमाणे, लावून घेणे आणि वाटप. एका हाताची चूक पुढच्या सगळ्यांना निस्तरावी लागते. आमच्याकडे याला कोणी टीमवर्क म्हणत नसे. चुकीच्या थैलीत गेलेले पत्र दोन दिवसांनी परत आले की जे ऐकावे लागे, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मुलांना आधी पिनकोड समजावा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. एकाच नावाची गावे अनेक, पत्ते नाना भाषांत आणि नाना अक्षरांत, त्यामुळे वर्गवारीत गोंधळ होई. त्यावर ही सहा आकड्यांची युक्ती काढली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मराठी माणूस, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. नेपथ्यवाल्यांनी लक्ष द्यावे, त्यांनी संस्कृतात नाटकेही लिहिली आहेत. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे.

मुलांना आपल्या सोसायटीचा पिन स्वतः ठरवायला लावा. विंग, मजला, घर. तुम्ही सांगू नका. वर्गवारीसाठी चपलांचा स्टँड उत्तम, आमचे खण थेट तसेच दिसत.

साहेब व्हायची हौस असणाऱ्यांना पोस्टमास्तर जरूर करा, फक्त खुर्ची तक्रारीच्या खिडकीवर ठेवा. दोन दिवसांत जागा रिकामी होईल, अनुभवाचे बोल आहेत.

आणि एक पत्र अपुऱ्या पत्त्याचे टाका. ते पोचवताना जे होईल ते तुमचे नाटक.

ओवीची_आई

टपाल काका, तुम्ही आणखी लिहा. वेगळा धागाच काढा.

लोअर_परळ

डबेवाले राहिलेच की! १८९० पासून चालू आहे, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं. डब्याच्या झाकणावर रंगाने अक्षरं-आकडे. कुठल्या स्टेशनवरून चढला, कुठे उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला. एक डबा चार-पाच हातांतून जातो. आणि त्यांच्यात मुकादम असतो, पण कोणी आलं नाही तर तो स्वतः डबे उचलतो. हा मुकादम खडू_फळा सरांच्या पोरांना दाखवायला हवा.

खडू_फळा

दाखवीन. पण ती विचारतील की त्यानं उचल किती दिली होती.

गवतीचहा | शनिवार, रात्री ११:१५

सहावा दिवस झाला. सविस्तर लिहिते, कारण अर्धं श्रेय इथल्या लोकांचं आहे.

पोस्ट ऑफिस केलं. क्लबहाऊसमधला चपलांचा स्टँड धुऊन घेतला, खोक्याला लाल रंग देऊन पेटी केली, अर्ध्या कापलेल्या बटाट्यावर तारखेचा शिक्का कोरला. पहिला शिक्का उलटा आला, कारण आकडा उलटा कोरावा लागतो हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. दुसरा बटाटा माझ्या स्वयंपाकघरातून गेला, तिसरा शेजारच्यांच्या.

प्रत्येक घराला सांगितलं, रोज एक खरं पत्र टाका. पहिल्याच दिवशी चाळीस आली. त्यात एक "गच्चीवरचं कपडे वाळत घालणं बंद करा" असं सेक्रेटरींना निनावी होतं. मुलांनी ते इमानेइतबारे पोचवलं. सोसायटीत सध्या तणाव आहे.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. पिन ठरवताना ए विंगच्या मुलांनी आधी विंग मग मजला घेतला, बी विंगवाल्यांनी आधी मजला. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. सतरा पत्रं भलत्याच दारात. मी तेव्हा म्हातारी होते, नऊवारी, हातात छत्री, "माझ्या लेकाची मनीऑर्डर आली का रे?" तक्रारीच्या खिडकीवर पहिल्या दिवशी सहा जणांना काढणारा तो साहेब. त्याने आधी टपाल काकांच्या भाकितानुसार वैताग केला, मग उठून आत गेला आणि म्हणाला, "सगळे थांबा. आजीला तिसऱ्यांदा परत पाठवायला मला लाज वाटतेय." हे वाक्य मी लिहून दिलेलं नाही.

मग भांडण. मी मुद्दाम बाहेर गेले आणि दाराला कान लावून उभी राहिले. पंचवीस मिनिटं. एकदा रडण्याचा आवाज आला तेव्हा हात कडीवर गेला होता. आत गेले तेव्हा भिंतीवर नवा पिन लिहिलेला होता आणि सतरा पत्रं गोळा करायला दोघा-दोघांच्या जोड्या गेल्या होत्या.

आता सेलोटेप खरवडणारा मुलगा. त्याला बटाटा मिळाला. प्रत्येक पत्र त्याच्यापुढून जातं आणि पाठवणाऱ्याने तारीख घातली नसेल तर तो शिक्का मारत नाही. फक्त म्हणतो, "तारीख नाही." हा त्याचा शिबिरातला पहिला संवाद. आज त्याने तो निदान वीसेक वेळा म्हटला असेल. एकदा कंटाळून, एकदा दमात, एकदा माझ्या छत्रीकडे बघत अगदी हळू. बाकीची पोरं आता मुद्दाम तारीख विसरतात.

नेपथ्यवाला

परत आलो. प्रेक्षकांबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण एक वाक्य वीस तऱ्हांनी म्हणणारा तो मुलगा मला द्या. आमच्याकडे पस्तिशीतल्या माणसांना हे करायला महिना लागतो.

शेवटच्या दिवशी पालक 'कार्यक्रम' मागतीलच. त्यांना खुर्च्या देऊ नका. रांगेत उभं करा, हातात पत्र द्या.

स्पष्टच_बोलतो

ठीक आहे, हे नोकर वाटत नाहीत. 'आज्ञाधारक' शब्द मागे घेतो. आंब्याचं म्हणणं कायम.

मधली_सुट्टी

आणि ते अपुऱ्या पत्त्याचं पत्र? टाकलंत का?

गवतीचहा | मंगळवार, दुपारी १:०५

टाकलं. पाकिटावर एवढंच लिहिलं होतं: "आजोबांना. खिडकीत तुळस असलेलं घर." तारीख मात्र घातली होती, नाहीतर बटाट्याखालून गेलंच नसतं.

काल संध्याकाळी चौदाही जण खाली उभे राहून माना वर करून खिडक्या मोजत होते. वॉचमनला कामाला लावलं. अकरा खिडक्यांत तुळस निघाली. आज सकाळी अकराही घरं झाली. आठ ठिकाणी आजोबाच नाहीत.

टपाल_निवृत्त

आणि उरलेली तीन?

गवतीचहा

तिन्ही आजोबांनी सांगितलं, "हो हो, माझंच आहे ते, आण इकडे."

सध्या आत मीटिंग चालू आहे. मला बाहेर काढलंय.